दगडी मेज आणि मुंबईची वेळ

अलीकडे घरसजावटीच्या क्षेत्रात दगडाची व संगमरवराची मेजे घडविणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात 'काळ' हा शब्द वरचेवर येऊ लागला आहे. मेजाचा फलक घड्याळाच्या तबकडीसारखा वाटोळा ठेवावयाचा, त्यावर सावलीच्या रेषा कोरावयाच्या, दगडातील थर उघडे दिसतील अशी त्याची कड राखावयाची, किंवा ज्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शंखशिंपले अडकून राहिले आहेत असाच चुनखडक निवडावयाचा, आणि म्हणावयाचे की हे मेज आम्हाला काळावरून सुचले. कल्पना सुंदर आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु माझगावसारख्या जागी उभे राहून, जेथे डोंगर फोडून समुद्र भरला गेला आणि गोदीच्या घंटेवर माणसांचे दिवस मोजले गेले, तेथे हे वाक्य ऐकले म्हणजे एक साधा प्रश्न मनात येतो. काळ म्हणजे कोणाचा काळ? डोंगराचा, देवाचा, कारखान्याच्या भोंग्याचा, की एक कप चहा पुढ्यात घेऊन अर्धा तास बसून राहिलेल्या माणसाचा? हे सारे काळ या शहरात दगडाच्या सपाट फळीवर येऊन गेलेले आहेत. त्यांपैकी शेवटच्याकडे आमचा विशेष ओढा आहे हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या जुन्या घरांतून टेबल ही वस्तू नव्हतीच. जेवावयाचे ते पाटावर बसून, लिहावयाचे ते मांडी घालून उतरत्या पेटीवर. तरीसुद्धा सपाट दगड प्रत्येक घरात होता, आणि तो जमिनीलगत होता. स्वयंपाकघरात पाटा, देवघरात सहाण, पडवीत जाते. या तीनही वस्तू काळाच्या हिशेबाने चालत. सहाणेवर रोज चंदनाचे खोड उगाळले जाते आणि पिढ्या दोन पिढ्यांनी तिच्या मधोमध एक उथळ खळगा पडतो; कोणी तो कोरलेला नसतो. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला म्हणजे त्यावर मसाला वाटला जाईनासा होतो, मग टाकी लावणारी बाई दारावर येते आणि टाकीच्या बारीक घावांनी त्याला पुन्हा खरबरीत करून देते. सहाणीचे झिजणे हे तिचे भूषण आणि पाट्याचे झिजणे हा त्याचा दोष. दगड एकच, काम निराळे. आज काळावरून सुचलेले मेज करावयास निघालेल्या कलावंताने ही दोन उदाहरणे घरातल्या घरात पाहून घ्यावीत असे आम्हाला वाटते.

उंच पायांवर ठेवलेली दगडी फळी माझगावात आली ती बहुधा प्रार्थनेच्या निमित्ताने. मुंबईच्या सात बेटांपैकी माझगाव हे एक. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलात ते डिसूझा घराण्याकडे इनाम म्हणून गेले आणि पुढे १६३२ साली तेथे ग्लोरिया चर्च उभे राहिले. (हे मूळचे चर्च १९११ च्या सुमारास पाडले गेले, हल्लीची इमारत भायखळ्यास आहे.) रोमन कॅथलिक पंथाच्या जुन्या रीतीप्रमाणे स्थिर वेदीचा वरचा फलक नैसर्गिक दगडाचा आणि एकसंध असावा लागतो. त्या फलकाला लॅटिनमध्ये 'मेन्सा' म्हणतात. मेन्सा म्हणजे मेज. पोर्तुगीज भाषेत त्याचाच 'मेझा' झाला. आपला 'मेज' हा शब्द मात्र फारशीच्या वाटेने आलेला आहे, आणि 'संगमरवर' हाही फारशीच: संग म्हणजे दगड. फारशी बोलणाऱ्यांशी या शहरातील संगमरवरी मेजाचा संबंध केवळ शब्दापुरताच नाही, हे पुढे दिसेलच.

वेदीचा दगड एकसंध का हवा? कारण त्यावरचा काळ तुटलेला चालत नाही. लाकूड कुजते, धातू गंजतो. दगड बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जातो ही भावना त्यामागे आहे. हा देवाचा काळ झाला.

डोंगराचा काळ याहून फार मोठा. मुंबईचा खडक दख्खनच्या ज्वालामुखींचा. त्या महाप्रचंड उद्रेकाचा मुख्य भर साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा मानतात. लाव्हाचा एक थर निवावा, त्यावर डबकी साचावीत, झाडेझुडपे उगवावीत, बेडूक नांदावेत, आणि मग पुन्हा वरून लाव्हा यावा, असे येथे घडले. वरळीच्या टेकडीत दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या काळसर शेल दगडात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज जीवाश्मांचा दगड परदेशांतून मागवून त्याची मेजे करणाऱ्यांना वरळीच्या या बेडकांची आठवण करून द्यावीशी वाटते.

माझगावचा डोंगर म्हणजे भंडारवाडा. त्याच्या माथ्यावर पाण्याचा तलाव आणि बाग आहे. बागेला नाव आहे जोसेफ बाप्टिस्टा यांचे. लोकमान्यांचे हे स्नेही व कायदेपंडित, 'काका' या नावाने ओळखले जाणारे, १८६४ साली याच माझगावात, म्हातारपाखाडीत जन्मले आणि पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. 'पाखाडी' हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. कोकणात डोंगरउतारावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. मुंबईत तो शब्द वस्तीचा वाचक झाला. दगड आधी आणि घरे मागाहून, असा तो क्रम आहे. जवळचीच नवरोजी हिल मात्र दगडासाठी खणून खणून जवळजवळ नाहीशी झाली. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये उघडले. दरम्यान १९०८ ते १९१२ या काळात माझगाव ते शिवडी या पट्ट्यात समुद्र मागे हटवून ५८३ एकर जमीन नव्याने काढण्यात आली. एवढ्या भरावाला दगडमाती लागते आणि ती कोठून तरी यावी लागते. ज्या टेकडीवरून लोक जहाजे पाहत होते तीच टेकडी जहाजांच्या पायाखाली गेली, असे म्हटले तरी अतिशयोक्ती व्हावयाची नाही.

मुंबईचा हा काळा दगड पायऱ्यांना, धक्क्यांना, पाट्या-जात्यांना उत्तम. घासून चकचकीत केलेल्या फळीसाठी मात्र त्याचा फारसा उपयोग कोणी केला नाही. इमारतींसाठी कुर्ल्याचा, मालाडचा, पोरबंदरचा दगड आला. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला तो कुर्ला व पोरबंदरच्या दगडांत. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने तो बांधविला. आई जैन धर्माचे पालन करणारी व दृष्टीने अधू. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे म्हणून तिला घंटेवरून वेळ कळावी अशी त्यामागची योजना होती, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, दगडाच्या मनोऱ्याने एका म्हातारीच्या जेवणाची वेळ सांगावी हा त्यातला भाव आम्हाला फार आवडतो.

माझगावच्या कोळ्यांना मात्र मनोऱ्याची गरज नव्हती. त्यांचे घड्याळ समुद्र. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमारास. होडी ढकलावयाची असो की भाऊच्या धक्क्याला गलबत लावावयाचे असो, हिशेब याच पाऊणपटीचा. पुढे गोद्या झाल्या, त्यांचे दरवाजेदेखील भरतीच पाहून उघडू लागले. पण त्यांत काम करणाऱ्या माणसाचा दिवस मात्र तिथीवर राहिला नाही. तो घंटेवर आला. हा बदल फार मोठा होता, आणि ज्या संगमरवरी मेजाबद्दल आम्हाला बोलावयाचे आहे ते या बदलाचेच अपत्य आहे.

पण त्याआधी थोडे मुंबईबाहेर जाऊन यावयास हवे. कारण दगडी फलकाकडून खरोखरच वेळ सांगून घेण्याची करामत आपल्या देशात झालेली आहे, आणि आजच्या कित्येक नमुन्यांचे मूळ तेथे शोधता येते. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, उज्जैन आदी ठिकाणी दगडचुन्याच्या वेधशाळा उभारल्या. जयपूरचे सम्राटयंत्र सुमारे नव्वद फूट उंच. त्याची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते, म्हणजे काळ चालताना डोळ्यांना दिसतो. पण मेजाच्या दृष्टीने पाहण्यासारखे यंत्र दुसरेच आहे. त्याचे नाव नाडीवलय. वाटोळा दगडी फलक विषुववृत्ताच्या पातळीशी समांतर असा कलता बसविलेला, दोन्ही अंगांना वेळेच्या खुणा आणि मधोमध एक खुंटी. वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत ऊन उत्तरेच्या तोंडावर पडते, उरलेले सहा महिने दक्षिणेच्या. तिरपे केलेले वाटोळे मेजच ते! उज्जैनची वेधशाळा पुढे मोडकळीस आली होती. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला, आणि तिची देखरेख ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे आली. मराठी माणसाच्या हाताखाली हा दगड पुन्हा वेळ सांगू लागला.

नाडीवलयाने सांगितलेली वेळ ही उज्जैनची वेळ. जयपूरचे यंत्र जयपूरची सांगणार. दगड जेथे रोवला तेथलाच सूर्य तो ओळखतो. नेमकी हीच गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अडचणीची ठरू लागली, कारण आगगाडी आणि तारायंत्र यांना गावोगावचा सूर्य परवडेना.

मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे. मद्रासची त्याहून अर्ध्या तासाने पुढे. १८८१ साली सरकारने मुंबईवर मद्रास वेळ लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि सरकारला हात आवरता घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून सबंध हिंदुस्थानसाठी साडेपाच तासांची स्टँडर्ड वेळ आली. मुंबईच्या घड्याळांनी एकदम एकोणचाळीस मिनिटे पुढे उडी मारावी अशी अपेक्षा होती. सरकारी कचेऱ्यांनी ती मारली. मुंबई कॉर्पोरेशनने मारली नाही. फेरोजशहा मेहतांसारख्या मातब्बर सभासदाने जुन्याच वेळेचा पक्ष घेतला. वंगभंगाचे ते दिवस होते. सरकारने केलेली कोणतीही गोष्ट लोकांना सरळ वाटण्याचा तो काळ नव्हे. पण हा केवळ राजकीय हट्ट नव्हता. नव्या घड्याळात सहा वाजले म्हणजे जुन्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटे. गिरणीच्या दारात पहाटे उभ्या राहणाऱ्या माणसाला या एकोणचाळीस मिनिटांचा अर्थ वर्तमानपत्रांतून समजावून घ्यावा लागत नव्हता. तो झोपेत समजत होता. १९०६ च्या जानेवारीतच काही गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम थांबविले.

या शहरातील श्रमिकाला आपल्या वेळेसाठी किती झगडावे लागले याची जाणीव असल्यावाचून पुढची गोष्ट ध्यानात यावयाची नाही. आठवड्यातून एक दिवस आपला, एवढी साधी गोष्ट मिळविण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना अनेक वर्षे खपावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा भरली आणि त्या वर्षीच्या १० जूनपासून रविवारची सुटी मिळाली. सुटी मिळाली, पण ती घालवावयाची कोठे? खोली दहा बाय दहाची. तीत दिवसपाळीचे व रात्रपाळीचे गडी आळीपाळीने अंथरूण वापरणारे. बसावयाला जागा म्हणून एक जिना, एक नळ, एक नाका.

त्या नाक्यावर इराणी आला. इराणातील यज्द आणि किरमान या भागांतील जरथुस्त्री लोकांची स्थिती एकोणिसाव्या शतकात फार हलाखीची होती. त्यांच्यावर जिझिया होता. मुंबईच्या पारशी मंडळींनी पाठविलेले माणेकजी लिमजी हातरिया १८५४ मध्ये तेथे पोहोचले आणि त्यांच्या खटपटीने, बऱ्याच काळानंतर, १८८२ मध्ये तो कर रद्द झाला. मध्यंतरी सत्तरच्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. तेथून निघालेली गरीब कुटुंबे मुंबईस येऊन चहाच्या धंद्यात शिरली. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे गाळे हिंदू दुकानदारांना अशुभ वाटत म्हणून ते इराण्यांना सहज मिळाले, असे सांगतात. धोबीतलावचे कयानी १९०४ मधले, ग्रँट रोडचे बी. मेरवान १९१४ मधले, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ मधले. अशी शेकडो दुकाने गिरगाव, लालबाग, परळ, दादर, भायखळा, माझगाव येथे नाक्यानाक्यावर निघाली.

दुकानाचा थाट ठरलेला. भिंतीला आरसे, गल्ल्यामागे शेठ, शेठच्या डोक्यावर घड्याळ, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि संगमरवरी फळीची मेजे. खुर्ची मूळची ऑस्ट्रियातील. मिखाएल थोनेट याने १८५९ साली काढलेला हा नमुना सुट्या भागांत बांधला की एका घनमीटर पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडल्यावर युरोपचा असा माल मुंबईच्या धक्क्याला लागणे सोपे झाले. संगमरवर पुष्कळदा इटलीचा असे. कराराच्या डोंगरातला हा पांढरा दगड मुळात सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला चुना. पुढे डोंगर घडताना दाबाखाली आणि उष्णतेखाली त्याचे स्फटिक झाले. म्हणजे माझगावच्या हमालाने ज्या फळीवर बशी ठेवली ती फळी पायाखालच्या मुंबईहून तिपटीने म्हातारी! मकराण्याचा संगमरवर तर शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडला. कप अर्थातच कालचा.

चहाच्या दुकानात इतक्या दुरून आणलेला दगड का वापरावा असे कोणाला वाटेल. थाट हे एक कारण आहेच. पण व्यवहारही आहे. मुंबईच्या पावसाळ्यात लाकडी फळी फुगते, वाकते, तिच्या फटीत ढेकूण होतात. दगडाला यातले काही नाही. उकळती किटली ठेवली तरी डाग जळत नाही, ओल्या फडक्याचा एक हात फिरविला की गिऱ्हाइकासाठी जागा तयार. शेठच्या दृष्टीने संगमरवर म्हणजे वेळेची बचत. एक उठला, दुसरा बसला. हे मेज वेळेचा हिशेब करणाऱ्या व्यापाऱ्याने निवडलेले होते, यात शंका नाही.

आणि तरीही त्या मेजावर घडले ते नेमके उलटे. पहिल्या पाळीहून सुटलेला, दुसरीची वाट पाहणारा, नोकरी शोधणारा, गावाहून आलेल्याला भेटावयास बोलावणारा, परीक्षेचा अभ्यास करणारा, नाटकाची तालीम ठरविणारा, युनियनचे पत्रक लिहिणारा, असे सगळे एका कपावर त्या दगडाशी बसून राहिले. शेठच्या डोक्यावर घड्याळ होते आणि भिंतीवर 'उगाच बसू नये' अशा अर्थाच्या पाट्या होत्या, पण घटकाभराची जागा दोन आण्यांपेक्षाही कमी पैशात मिळत होती. भेट ठरविताना 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' असे विचारावे लागे ते दिवस. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हा दुहेरी कारभार चालू होता. चुकामूक झाली तरी बिघडत नसे. लवकर आलेला एकोणचाळीस मिनिटे मेजाशी बसून काढी.

जातीपातीचा विचार येथे थोडा करावयास हवा. आपल्या बहुतेक खाणावळी त्या काळी जातवार होत्या. इराण्याकडे तसे नव्हते, ही गोष्ट पुष्कळ गौरवाने सांगितली जाते. काही दुकानांत निरनिराळ्या समाजांसाठी कपांवर रंगाच्या खुणा असत अशाही आठवणी जुनी माणसे सांगतात. तेव्हा तो गौरव जरा हात राखूनच करावा. पण कप निराळे असले तरी मेज एकच होते. मातीचे भांडे विटाळते आणि दगड धुतला की शुद्ध होतो, ही आपल्याकडची जुनी समजूतच येथे उलट उपयोगी पडली असेल काय? आम्हाला तरी तसे वाटते.

त्या फळीवर या सर्वांच्या वेळेची नोंद झाली, ती रसायनशास्त्राच्या नियमाप्रमाणे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पानाला लावावयाचा चुना आणि हा दगड एकाच कुळातले. त्यावर आंबट पडले की तो किंचित विरघळतो आणि तेथली चकाकी जाते. लिंबाच्या सरबताच्या पेल्याचे ओले कडे उमटले की फडके फिरविल्यावर डाग जातो, पण अंधुक वर्तुळ राहते. चहाचा रंग बारीक छिद्रांत मुरतो आणि पांढरा दगड हळूहळू जुन्या हस्तिदंतासारखा पिवळसर होतो. कोपरे टेकून टेकून कडेची धार बोथट होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या मेजावर तिरपा उजेड पडू द्या: एकात एक गुंतलेली शेकडो वर्तुळे दिसतील. नाडीवलयाच्या खुणा कारागिराने कोरल्या. या खुणा गिऱ्हाइकांनी कोरल्या, आणि प्रत्येक खूण म्हणजे कोणाचा तरी फुकट मिळालेला अर्धा तास.

आता आजच्या मेजांकडे वळू. या कलेत विसाव्या शतकात फार चांगले काम झालेले आहे. एरो सारिनेनने १९५७ मध्ये एकाच दांड्यावर तोललेले संगमरवरी फलकाचे मेज काढले आणि टेबलाखालच्या पायांचे जंगल साफ केले. इटलीच्या आंजेलो मांजारोत्तीने १९७१ साली त्याहून धाडसी गोष्ट केली. त्याच्या 'इरोस' मेजांत खिळा नाही, डिंक नाही. निमुळत्या दगडी खांबावर फलकातले भोक येऊन बसते आणि फलकाच्या स्वतःच्या वजनानेच सांधा आवळला जातो. आपल्या हेमाडपंती देवळांचे चिरे चुन्यावाचून एकमेकांवर बसविले आहेत, त्याच जातीची ही बुद्धी. असे मेज सुटे करता येते, हलविता येते, पुन्हा मांडता येते. काळाशी मैत्री असलेली वस्तू अशी असते. त्यावर घड्याळाची आकृती कोरण्याची गरजच भासत नाही.

कापण्याची रीतही पार बदलली. पूर्वी संगमरवराची फळी बिनदातांच्या करवतीने, वाळू आणि पाणी सोडत, तासन्तास घासून काढीत. कापण्याचे खरे काम वाळू करी. आज हिऱ्याची तार आणि यंत्राच्या करवती ते काम झपाट्याने उरकतात. याबद्दल आम्ही उसासे टाकणार नाही. त्या धुळीने कारागिरांच्या छातीची काय दशा होत असे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जुन्या रीतीचे गोडवे गाऊ नयेत. शिवाय यंत्रामुळेच दगड मध्यमवर्गाच्या घरात आला. आपल्या चाळींतून स्वयंपाकाचा ओटा झाला तो शहाबादच्या फरशीचा व कडप्प्याचा, आणि तो दगडही पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे. मराठी घरातले खरे दगडी मेज कोणते म्हणाल तर हा ओटा; त्यावर हळदीचे डाग, कोकमाचे डाग, सुरीच्या रेघा, आणि कोणत्याही प्रदर्शनात त्याला जागा नाही.

आमची तक्रार निराळीच आहे. काळावरून सुचलेल्या मेजाचा ग्राहक दुकानात आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, यावर डाग तर पडणार नाहीत ना? मग विक्रेता सांगतो की फलकावर लेप दिलेला आहे, लिंबू पडो, कॉफी पडो, काही व्हावयाचे नाही. दुसरीकडे त्याच दुकानात 'अँटिक' नावाची फळी मिळते. तिच्यावर कारखान्यात आम्ल ओतलेले असते आणि तारेच्या ब्रशाने घासून तिची कड बोथट केलेली असते. लिंबाच्या थेंबांनी पन्नास वर्षांत जे केले ते बाटलीतल्या आम्लाने तासाभरात. दिसावयास सारखेच, किंबहुना अधिक सफाईदार. म्हणजे काळ हवा आहे, पण तो आधीच होऊन गेलेला, आणि कोणाचाही नसलेला. यापुढे येणारा, आपल्या मुलाबाळांच्या पेल्यांचा, पाहुण्यांच्या कोपरांचा काळ मात्र त्या फळीला शिवता कामा नये. सहाण विकत घ्यावी, खळगा पाडूनच घ्यावी, आणि तिच्यावर चंदन म्हणून उगाळू नये, तशी ही तऱ्हा.

संकल्पकांना याचा दोष सर्वस्वी देता येणार नाही. जुन्या इराण्यांची दुकाने एकामागून एक बंद झाली. जागेचे भाव, वारसांची अनिच्छा, नव्या तऱ्हेची उपाहारगृहे, कारणे सर्वांना ठाऊक आहेत. गिरण्या १९८२ च्या संपानंतर उठल्या, गोदीतील कामाची तऱ्हा पालटली, आणि पाळी संपल्यावर मेजाशी येऊन बसणारा माणूसच नाक्यावर राहिला नाही. मेज ही वस्तू माणसाच्या बसण्यातून होते. बसणारा गेल्यावर उरते ती फळी, आणि फळीला बाजारभाव असतो.

असल्या फळ्या जुन्या सामानाच्या दुकानांत पाहावयास मिळतात. मध्यंतरी आम्ही एक पाहिली. दोन फूट बाय साडेतीन फूट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, लोखंडी पाय निराळे बांधून ठेवलेले. दुकानदाराने ती भिंतीशी उभी केली तेव्हा दारातला उजेड तिच्यावरून तिरपा गेला आणि वर्तुळे दिसली. एका लांब बाजूची कड दोन ठिकाणी इतकी गोल झाली होती की समोरासमोर नव्हे, एकाच अंगाला दोन माणसे रस्त्याकडे तोंड करून बसत असावीत हे कळून येत होते. तिची पाठ मात्र कोरीच होती. करवतीच्या समांतर रेघा तिच्यावर काल कापल्यासारख्या होत्या. दुकानदार म्हणाला, मशीन लावून घासून देतो, आरशासारखी होईल, सगळे डाग जातील. किती दगड जाईल म्हणून आम्ही विचारले. त्याने अंगठ्याने कड चाचपली, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, फार नाही, एखादे सूत.